आगीत गेलेल्यांचा फलक: नावं कोरायची की 'ज्ञात-अज्ञात कामगार' म्हणून मोकळं व्हायचं?

वाचनालयाची_चिटणीस

धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आमच्या वाचनालयामागे एक जुनी तीन मजली इमारत आहे. वरच्या मजल्यावर एकेकाळी पुस्तकबांधणीचा कारखाना होता. सत्तरच्या दशकात एका संध्याकाळी तिथे आग लागली. पुठ्ठे, खळ, कागदाचे गठ्ठे आणि वर लाकडी माळा, त्यामुळे विझवायला वेळच मिळाला नाही. जिन्याचं दार बाहेरून बंद होतं. नऊ माणसं गेली, त्यांतल्या बहुतेक फॉर्मना (छापील मोठ्या कागदांना) घड्या घालणाऱ्या बायका. आता ती इमारत पाडून नवी उभी राहणार आहे आणि बिल्डरने दर्शनी भिंतीवर फलकासाठी जागा देऊ केली आहे. त्याबद्दल त्याचे आभारच. पण फलकाचा मजकूरही त्यानेच करून पाठवला:

"या वास्तूत घडलेल्या दुर्दैवी दुर्घटनेत प्राण गमावलेल्या ज्ञात-अज्ञात कामगारांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन."

त्याखाली शुभहस्ते कोण, अध्यक्ष कोण, प्रमुख उपस्थिती कोणाची, विशेष सहकार्य कोणाचं, संकल्पना कोणाची. गेलेल्यांना दोन ओळी आणि हयात असलेल्यांना सात. गेलेल्यांचं एकही नाव नाही. अभिवादन करणाऱ्यांची मात्र पदांसकट यादी.

समितीत बैठकांमागून बैठका झाल्या. एक गट म्हणतो, नावं नकोत, कारण एखादं चुकलं किंवा राहिलं तर नातेवाईक भांडायला येतील. दुसरा गट म्हणतो, 'दार बंद होतं' हे लिहायचं नाही, शुभप्रसंगी कटुता कशाला? (हा शुभप्रसंग कधीपासून झाला, हे मी विचारलं. उत्तर मिळालं नाही.) आठ नावं मला पगारपत्रकाच्या एका जुन्या वहीतून आणि तेव्हाच्या कामगारांकडून मिळाली आहेत. नववं मिळत नाही. ती मुलगी त्याच आठवड्यात कामावर लागली होती, वहीत चढलीच नव्हती. सगळे तिला 'ती नवीन मुलगी' एवढंच म्हणतात.

त्यात क्रमाचा वाद. त्या नऊ जणांत एक सुपरवायझरही होते. त्यांचे पुतणे म्हणतात, त्यांचं नाव आधी, आणि हुद्द्यासकट.

मी हिशेब तपासणारी बाई. फलकाचं काम आयुष्यात पहिल्यांदा गळ्यात पडलंय. ज्यांनी असलं काही केलंय, पाहिलंय किंवा वाचलंय, त्यांनी सांगा. 'भावना महत्त्वाच्या' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते बैठकीत भरपूर मिळतात.

---

टाकीवाला

ताई, मी दगडावर अक्षरं कोरतो. वडीलही हेच करायचे. मजकुरात मी पडत नाही, पण जो होईल तो टिकावा म्हणून थोडं सांगतो.

संगमरवर बाहेरच्या भिंतीला लावू नका. दिसतो देखणा, पण पावसातल्या आम्लाने त्याचा पृष्ठभाग झिजतो आणि बारीक अक्षरं बोथट होत जातात. जुन्या संगमरवरी पाट्यांवर आज बोट फिरवूनच अक्षर लावावं लागतं ते त्यामुळे. पितळी पत्रा आत ठीक आहे, बाहेर मात्र भंगाराच्या भावाने चोरीला जातो. ग्रॅनाइट घ्या. लेझरने नुसतं वरवर खरवडून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. काळ्या दगडावर ते पहिल्या दिवशी झकास दिसतं, पण त्याला खोली नसते. अक्षर खोल हवं, म्हणजे आतला रंग उडाला तरी सावलीने वाचता येतं.

देवनागरीला जागा जास्त लागते, हे बिल्डरला आधीच सांगा. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. जोडाक्षरं बारीक कोरली तर दोन पावसाळ्यांत त्यांत माती भरते आणि 'द्ध' आणि 'ध्द' सारखेच दिसतात. दहा फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर इंचभर तरी उंच धरा, नावं त्याहून मोठी चालतील. आणि फलक डोळ्यांच्या उंचीला बसवा. लोक दाराच्या वर लावतात, मग तो वाचतं कोण? कबुतरं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोरायच्या आधी कागदावर खऱ्या आकाराचा नमुना काढून भिंतीवर चिकटवा आणि प्रत्येक घरच्या माणसाला आपलं नाव वाचून खाली सही करायला लावा. संगणकावर सगळे 'हो, बरोबर' म्हणतात. दगड बसला की त्याच माणसाला ऱ्हस्व-दीर्घ दिसायला लागतं.

---

जुनी_कागदपत्रं

टाकीवाल्यांना +१, विशेषतः सहीला.

ताई, तुमच्या प्रसंगाशी इतकं जुळणारं एक उदाहरण आहे की वाचताना चमकलो. न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्याला आग लागली. आठवा, नववा आणि दहावा मजला. १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली, इटालियन आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतल्या. तिथेही नवव्या मजल्यावर जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. मालकांवर खटला चालला आणि ते सुटले. नंतर न्यूयॉर्क राज्यात कारखान्यांच्या सुरक्षेचे कायदे झाले, ते या आगीच्या धक्क्यानेच. पण गेलेल्यांपैकी सहा जणांची ओळख पटलेली नव्हती. ती नावं मायकेल हर्श या संशोधकाने जुनी वर्तमानपत्रं आणि नोंदी उकरून शोधून काढली आणि २०११ मध्ये, शंभर वर्षांनी, १४६ ची यादी पूर्ण झाली. इमारत अजून उभी आहे. सगळी नावं असलेलं स्मारक मात्र तिच्यावर यायला २०२३ उजाडलं. त्यात नावं पोलादी पट्टीत आरपार कापली आहेत, आणि खाली कमरेच्या उंचीला गडद, आरशासारखी चकचकीत पट्टी आहे, तिच्यातल्या प्रतिबिंबात ती वाचायची.

म्हणजे 'एखादं नाव राहिलं तर?' या भीतीचं उत्तर 'मग कुणाचंच नको' हे होत नाही. राहिलेलं नाव सापडू शकतं. पण सापडायला आधी कुठेतरी लिहिलेलं हवं की ते हरवलंय.

मला तुमच्या प्रश्नात नाव विरुद्ध आकडा एवढंच दिसत नाही. आठवण कोणाच्या सोयीने ठेवायची, हा खरा मुद्दा आहे. आपल्याकडचे वीरगळ पाहा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेतायत, वर शिवपूजा, डोक्यावर चंद्र-सूर्य. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नाही. ज्या गावाने तो उभा केला त्याला तो कोणाचा हे ठाऊक होतं, लिहायची गरज नव्हती. माहीत असणारी पिढी गेली आणि दगड उरला. आज आपण त्याच्यावरून शस्त्रं ओळखतो, माणूस नाही ओळखत.

याउलट पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत कित्येक गावांत पाट्या लावल्या. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, बस. दोन आकडे. ज्या सरकारने पाटी लावली त्याला गावाचं योगदान मोजायचं होतं, माणसं ओळखायची नव्हती. नाही तर नावं सैन्याच्या दप्तरात होतीच की. त्याच साम्राज्याच्या युद्धकबर आयोगाचं तत्त्व होतं की हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येक मृताची सारखी नोंद व्हावी. युरोपात ते बऱ्यापैकी पाळलं. आफ्रिका-आशियात पाळलं नाही, हे त्या आयोगाच्या आजच्या वारसदार संस्थेनेच २०२१ च्या अहवालात कबूल केलं: निदान पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांची नोंद असमान झाली, म्हणजे कुठे नाव दगडाऐवजी नुसत्या नोंदवहीत, कुठे नावाऐवजी सामूहिक उल्लेख. बिल्डरचं 'ज्ञात-अज्ञात' याच घराण्यातलं आहे. जी आठ नावं तुम्हाला ज्ञात आहेत, त्यांना अज्ञात करायचा हा प्रकार.

क्रमाबद्दल. वॉशिंग्टनमधली व्हिएतनाम युद्धाची भिंत (१९८२) मुद्दाम वर्णानुक्रमे नाही. तिची रचनाकार माया लिन तेव्हा विद्यार्थिनी होती. तिने मृत्यूच्या तारखेने क्रम लावला. अठ्ठावन्न हजारांहून जास्त नावं. अकारविल्हे लावली असती तर स्मिथ आडनावाचेच शेकडो, नुसती टेलिफोन डिरेक्टरी. तारखेमुळे एका दिवशी एकत्र गेलेले मित्र शेजारी-शेजारी आले. हुद्दा तिथे लिहिलेलाच नाही. न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबरच्या स्मारकावर याहून पुढे गेले: कोण कुठे होतं त्यानुसार गट केले, आणि कोणाचं नाव कोणाशेजारी हवं हे कुटुंबांना विचारलं. सुमारे बाराशे विनंत्या आल्या, त्या संगणकाच्या मदतीने जुळवल्या. तुमच्याकडे नऊच नावं आहेत, म्हणजे तुम्हाला हे कागद-पेन्सिलने जमेल. कोण कोणाशेजारी बसून काम करायचं हे जुन्या कामगारांना आठवत असेल तर टेबलाच्या क्रमाने लावा. सुपरवायझरांना हुद्दा द्यायचा असेल तर सगळ्यांचं काम लिहा: घडी घालणं, शिवण, कटिंग, देखरेख. एकाचाच हुद्दा लिहिला की बाकीचे आपोआप 'इतर' होतात.

---

शुभहस्ते_मंडळ

मी एक फलक पाहिला होता, त्यावर दोनदा अनावरण झाल्याची नोंद होती, दोन वेगवेगळ्या पक्षांच्या हस्ते. कशाचा फलक ते आठवत नाही. बहुधा फलकालाही आठवत नसावं.

---

बारीकअक्षर

ताई, 'दार बाहेरून बंद होतं' हे लिहायला माझा विरोध नाही, पण पुरावा हातात ठेवा. चौकशी अहवाल, पंचनामा, कामगार न्यायालयातली नुकसानभरपाईची कागदपत्रं, त्या दिवसांचं वर्तमानपत्र, यांतलं काहीतरी. मालकाचे वारस असतील तर उद्या नोटीस येऊ शकते. वाक्य असं करा की त्यात वस्तुस्थिती आहे, आरोप नाही. 'मालकाच्या निष्काळजीपणामुळे' हा निष्कर्ष झाला. 'आग लागली तेव्हा जिन्याचे दार बाहेरून बंद होते' ही नोंद झाली. दुसऱ्या वाक्याने वाचणाऱ्याला जास्त कळतं, हे वेगळं.

दुसरं, भिंत कोणाची? आज बिल्डरची, उद्या सोसायटीची. फलकाची मालकी, देखभाल आणि पुढे इमारत पाडली तर फलक परत कोणाकडे, हे सगळं करारात घाला. 'जागा देऊ केली आहे' या तोंडी वाक्यावर दगड बसवू नका.

---

जुनी_कागदपत्रं

बारीकअक्षर यांच्या दुसऱ्या मुद्द्याला लंडनचा दाखला देतो. तिथली निळ्या फलकांची योजना १८६६ पासूनची, जगातली अशा प्रकारची सर्वांत जुनी समजतात. पहिला फलक १८६७ मध्ये कवी बायरनच्या जन्मघरावर लागला. १८८९ मध्ये घर पडलं, फलकही गेला. आज त्यांचे नियम कडक आहेत: माणूस जाऊन वीस वर्षं झालेली हवीत, त्याच्याशी संबंधित मूळ इमारत उभी हवी, मालकाची परवानगी हवी. वीस वर्षांची अट मला फार शहाणपणाची वाटते. ज्यांना शुभहस्ते अनावरण करून काही मिळवायचंय, त्यांचा उत्साह तोवर मावळतो. तुमची मूळ इमारत राहणार नाही, त्यामुळे 'या वास्तूत' हे शब्द खोटे ठरतील. 'या जागी उभ्या असलेल्या इमारतीत' असं लिहा.

आणि आकड्याबद्दल एक. आकडा लिहायचाच तर नावांच्या सोबतच लिहा. नावं नसलेला आकडा पुढे कोणीही ओढून वाद घालू शकतं. नाझींच्या बिर्केनाऊ छळछावणीतल्या स्मारकावर चाळीस लाख मृत असं लिहिलेलं होतं. १९९० मध्ये त्या पाट्या काढाव्या लागल्या, नंतरच्या पाट्यांवर सुमारे पंधरा लाख आले, आणि आज इतिहासकार सुमारे अकरा लाख धरतात. नरसंहार तेवढाच भीषण आहे, पण फुगलेल्या आकड्याने नाकारणाऱ्यांच्या हाती काठी दिली. जालियनवाला बागेतही असंच. तिथल्या फलकावर सुमारे दोन हजारांचा उल्लेख, सरकारी आकडा ३७९. १९९७ मध्ये राणी एलिझाबेथ आल्या तेव्हा त्यांच्या पतीने त्या आकड्यावरच शंका काढली. मग चर्चा गोळीबाराची राहिली नाही, बेरजेची झाली.

---

पाटी_नको

मी विरोधातला प्रतिसाद देतो, रागावू नका. दगड बसवला की लोकांना वाटतं काम झालं. आठवण ठेवायची जबाबदारी भिंतीवर टाकून सगळे घरी. रोज त्या वाटेने जाणाऱ्याला महिनाभराने पाटी दिसेनाशी होते. मीही रोज एका फलकासमोर बसची वाट बघतो, त्यावर कोण आहे मला सांगता येणार नाही.

ट्रँगल आगीचंच बघा. वर ज्यांनी लिहिलं त्यांनी एक गोष्ट सोडली. पोलादी स्मारक २०२३ चं, पण २००४ पासून दर २५ मार्चला लोक त्या कामगारांच्या घरांसमोर फुटपाथवर खडूने लिहितात: नाव, वय, पत्ता, आणि ट्रँगलच्या आगीत गेली हे. रूथ सर्गेल या बाईंनी सुरू केलं. पावसाने, पायांनी पुसून जातं, म्हणून पुढच्या वर्षी कोणीतरी परत लिहायला जावंच लागतं. मला हे कुठल्याही ग्रॅनाइटपेक्षा पटतं. खर्च काय तर खडूचा, आणि त्यावर शुभहस्ते लिहायला जागा नसते.

---

वाचनालयाची_चिटणीस

सगळ्यांचे आभार. 'पाटी नको' यांच्यावर रागावले नाही. खडूचं मी उचललं आहे. आठांपैकी पाच जणींची घरं पायी जाण्याच्या अंतरात होती. आमच्या बालविभागातल्या मुलांना घेऊन तारखेच्या दिवशी हे करता येईल. पण तेवढ्यावर फलक सोडणार नाही, कारण खडूने लिहिणारं माणूस हवं आणि ते माणूस आज मी आहे. माझ्यानंतर कोण, याची हमी मला नाही.

चौकशी अहवालाची नक्कल मिळाली. त्यात दाराचा स्पष्ट उल्लेख आहे, कडी बाहेरून घातलेली होती म्हणून. त्यामुळे ते वाक्य जाणार. बिल्डरला अहवालाचं ते पान दाखवल्यावर तो गप्प झाला. शुभहस्ते मात्र सोडायला तयार नाही.

क्रम टेबलाप्रमाणे लावायचा, हे सुपरवायझरांच्या पुतण्यांनाही मान्य झालं. फडक्याच्या पट्ट्या चिकटवायच्या टेबलाशी त्यांची खुर्ची होती, म्हणून ते मधोमध आले. (मधोमध म्हणजे मानाचं, असा त्यांनी अर्थ काढला. मी दुरुस्त केला नाही.)

अडकलं आहे ते नवव्या ओळीपाशी. समितीतले म्हणतात 'एक अज्ञात भगिनी'. मला तो शब्द नको आहे. भगिनी कोणाची? तिला बहीण मानणाऱ्यातल्या कोणी तिचं नाव विचारून ठेवलं नाही.

---

जुनी_कागदपत्रं

लंडनच्या पोस्टमन्स पार्कमध्ये एक भिंत आहे, चित्रकार वॉट्स यांच्या कल्पनेतून १९०० मध्ये उघडलेली. दुसऱ्याला वाचवताना गेलेल्या सामान्य माणसांसाठी चिनीमातीच्या पाट्या. त्यांतली एक अ‍ॅलिस एअर्सची: गवंड्याच्या हाताखालच्या मजुराची मुलगी, लंडनच्या बरो भागातल्या युनियन स्ट्रीटवरच्या जळत्या घरातून तीन मुलं वाचवली, त्यात स्वतः गेली, २४ एप्रिल १८८५. कोण, काय केलं, कुठे, कधी. तुमच्या नवव्या मुलीबद्दल जे नक्की माहीत आहे तेवढंच लिहा, विशेषण न लावता. "त्याच आठवड्यात कामावर लागलेली मुलगी. नाव मिळालेले नाही." हे 'अज्ञात' पेक्षा जास्त सांगतं. युद्धकबर आयोगानेही ओळख न पटलेल्या सैनिकांना एकत्र मोजलं नाही, शक्य तिथे प्रत्येकाला स्वतंत्र दगड दिला आणि त्याच्यावर जे कळलं होतं ते कोरलं: रेजिमेंट, तारीख, निदान 'महायुद्धातला एक सैनिक'. तिला नववी ओळ पूर्ण द्या, बाकीच्यांच्याच आकाराच्या अक्षरांत.

शोध चालू ठेवा. अग्निशमन दलाची त्या दिवसाची नोंद, रुग्णालयातली शवविच्छेदनाची वही, स्मशानातलं रजिस्टर. स्मशानाच्या रजिस्टरमध्ये प्रेत कोणी ताब्यात घेतलं त्याचं नाव असतं. मुलीचं नसलं तरी बापाचं सापडेल.

---

टाकीवाला

मग नववी ओळ मुख्य दगडात कोरू नका. प्रत्येक नावाची वेगळी पट्टी करा, नऊ पट्ट्या, चारी कोपऱ्यांना स्क्रू, मागे फ्रेम. दिसायला एकच फलक दिसतो. नाव मिळालं की तेवढीच पट्टी काढून दुसरी बसवायची, बाकी दगडाला हात नाही. स्क्रू स्टेनलेसचे आणि टोपीवाले घ्या, म्हणजे सहज काढता येत नाहीत.

आणि शुभहस्तेवाल्यांना सांगा, त्यांची नावं फलकाच्या मागच्या बाजूला कोरून देतो. भिंतीकडे तोंड करून. पैसे घेणार नाही.